जुनी पटनोंदणी आणि बायनरी फाईलचे वाचन

मागील वर्षी जून महिन्यात, प्रवेशाची धावपळ चालू असताना, आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी कार्यालयात आला. जय भीम झाला, पाणी झाले. वय चाळिशीच्या पुढे गेलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली कागदपत्रे. मुलगी बारावीच्या विज्ञान शाखेत शिकते. तिच्या जात पडताळणीच्या प्रस्तावासाठी वडिलांच्या शाळेचा पुरावा हवा होता. स्वतः हा विद्यार्थी सातवीत असताना दिवाळीच्या सुटीत घरी गेला तो परत आलाच नाही. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. दाखला कोणी मागितला नाही, कोणी दिलाही नाही.

त्या काळातील दाखल-खारीज नोंदवही आता वाचता येत नाही. एका पावसाळ्यात कपाटात ओल शिरली आणि मधली पाने एकमेकांस चिकटून त्यांचा लगदा झाला. कार्यालयात संगणकावरील एक यादी होती. जुन्या फॉक्सप्रो प्रोग्राममधील माहिती कोणीतरी तयार कन्व्हर्टर वापरून तक्त्यात आणली होती, तिची ती छापील प्रत. तीत ५६१ नावे होती. लिपिकांनी दोनदा बोट फिरवून पाहिले. याचे नाव नव्हते.

"सर, म्हणजे मी या शाळेत नव्हतोच का?" त्याने विचारले.

आम्हीच त्याला सहावीत इतिहास शिकवला होता. पण शिक्षकाची आठवण हा समितीपुढे पुरावा होत नाही.

शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीचे मोल आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. ती ओळ टिकली, म्हणून तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. आमच्या या विद्यार्थ्याची ओळ कोठे गेली, हे शोधताना आम्हांस उतारवयात सी नावाची संगणकभाषा शिकावी लागली. आता अभियंता असलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने चार रविवार खर्ची घालून ती शिकवली. जे शिकलो ते येथे पाठाच्या रूपाने मांडीत आहोत. ज्यांच्या घरी, संस्थेत किंवा पतपेढीत अशा जुन्या फाइली पडून आहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम बायनरी फाईल म्हणजे काय ते पाहू. संगणकातील प्रत्येक फाईल ही बाइटांची एक रांग असते. एका बाइटात ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. मजकुराच्या फाइलीत प्रत्येक संख्या एखाद्या अक्षराची खूण असते, म्हणून ती कोणत्याही साध्या प्रोग्राममध्ये उघडून वाचता येते. बायनरी फाइलीत मात्र तीच संख्या कधी अक्षर असते, कधी मोजमाप, कधी तारखेचा तुकडा, कधी केवळ खूण. बाइटावर तसे कोठेही लिहिलेले नसते. ६५ ही संख्या दिसली तर ते इंग्रजी 'ए' हे अक्षर आहे की खरोखरच पासष्ट आहे, हे त्या बाइटाच्या जागेवरून ठरते.

ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हे चटकन उमगेल. मोडी लिहिणारा आधी ओळभर आडवी रेघ ओढून घेई आणि तिच्याखाली सलग लिहीत जाई. शब्द कोठे तुटतो हे कागद सांगत नाही. ते वाचणाऱ्याला मायन्यावरून, रिवाजावरून आणि त्या दफ्तराच्या लिहिण्याच्या पद्धतीवरून कळते. पद्धत ठाऊक नसलेल्याला मोडी कागद म्हणजे नुसती नागमोडी शाई. बायनरी फाईलही तशीच आहे. फरक एवढाच की तिची पद्धत मोडीपेक्षा कितीतरी काटेकोर असते. एका बाइटाने चूक झाली की पुढचे सगळेच चुकते.

आमच्या फाइलीची पद्धत डीबीएफ या नावाने ओळखली जाते. तिचे मूळ अमेरिकेतील डीबेस या प्रोग्राममध्ये आहे. जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी तो लिहिला आणि अ‍ॅश्टन-टेट कंपनीने विकला. फॉक्सप्रोने हीच पद्धत उचलली. पुढे १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनीच विकत घेतली. नव्वदीच्या दशकात आपल्याकडील किती कार्यालयांचे हिशेब, पगारपत्रके आणि याद्या या पद्धतीत भरल्या गेल्या, याची गणतीच नाही. प्रोग्राम गेले, फाइली राहिल्या. आमची फाईल फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर आली होती. तिचा आकार ८८,६४६ बाइट, म्हणजे आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्राहूनही कितीतरी लहान.

डीबीएफ फाइलीचे पहिले ३२ बाइट म्हणजे तिचे शीर्षक. त्याची मांडणी ठरलेली आहे आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. शून्याव्या जागी फाइलीचा प्रकार असतो. आमच्याकडे तेथे ३ होते. पुढच्या तीन जागी शेवटच्या फेरबदलाची तारीख असते: वर्ष, महिना, दिवस. वर्षातून १९०० वजा केलेले असतात. चौथ्यापासून सातव्या जागेपर्यंतचे चार बाइट एकूण नोंदींची संख्या सांगतात. आठ आणि नऊ मिळून शीर्षकभागाची एकूण लांबी होते, दहा आणि अकरा मिळून एका नोंदीची लांबी. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइटांचे एकेक वर्णन येते. त्याचे पहिले ११ बाइट रकान्याच्या नावासाठी, मग एका अक्षरात प्रकार, आणि सोळाव्या जागी रकान्याची लांबी. वर्णने संपली की १३ ही संख्या येते. तेथून नोंदी सुरू होतात.

हे वाचण्यासाठी सी भाषाच का घ्यावी? वाचून देणारे तयार प्रोग्राम पुष्कळ आहेत, आणि आम्ही पाहिलेली ५६१ नावांची यादी अशाच एका प्रोग्रामने दिली होती. तयार प्रोग्राम आपल्याला काय दाखवायचे हे स्वतःच ठरवतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडविलेली सी ही यंत्राच्या अगदी जवळची भाषा आहे. ती बाइट जसा आहे तसा हाती देते. त्याचा अर्थ लावण्याचे काम मात्र पूर्णपणे आपल्यावर सोपवते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार परका वाटत नाही. कोणी दिलेला सारांश वाचण्यापेक्षा मूळ कागद पाहावा, ही आमची जुनी शिस्त.

सीमध्ये फाईल उघडण्यासाठी 'एफओपन', त्यातून ठरावीक बाइट उचलण्यासाठी 'एफरीड' आणि हव्या त्या जागी जाण्यासाठी 'एफसीक' ही साधने आहेत. फाईल उघडताना ती कशी उघडायची हे सांगावे लागते. नुसते 'आर' म्हटले तर मजकुराची फाईल म्हणून वाचायची, 'आरबी' म्हटले तर बायनरी म्हणून. आम्ही पहिल्या दिवशी नुसते 'आर' लिहिले. ३२ बाइट मागितले, मिळाले तीन. फाईल तर ८८ हजारांवर बाइटांची. पेन ड्राइव्ह बिघडला असावा असे वाटून आम्ही तो दुसऱ्या संगणकालाही लावून पाहिला. तेथेही तीनच.

कारण कळले तेव्हा हसू आले. विंडोजवर मजकुराच्या पद्धतीने वाचताना २६ ही संख्या आली की फाईल संपली, असे धरले जाते. ही रीत डॉसच्याही आधीच्या सीपी/एम या प्रणालीतून आलेली आहे. तेथे फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांतच मोजली जाई. त्यामुळे मजकूर नेमका कोठे संपतो हे सांगण्यासाठी २६ ही खूण घालीत. प्रणाली गेली, रीत उरली. आणि आमच्या फाइलीचा चौथा बाइट नेमका २६ होता. पहिले चार बाइट असे होते: ३, ९७, ६, २६. म्हणजे शेवटचा फेरबदल २६ जून १९९७. सकाळी शाहू जयंतीचा कार्यक्रम आटोपून लिपिकांनी दुपारी नवे प्रवेश भरले असावेत. त्या तारखेतील २६ हाच आकडा संगणकाला 'येथे थांब' असे सांगत होता. 'आर'च्या जागी 'आरबी' लिहिले आणि ३२ बाइट निमूटपणे आले. मजकुराच्या पद्धतीत आणखी एक घोटाळा होतो. १३ आणि १० या संख्या लागोपाठ आल्या की दोहोंचा मिळून एकच १० होतो आणि पुढची सारी मोजणी सरकते. म्हणून बायनरी फाईल उघडताना 'बी' विसरू नये. तसेच 'एफरीड'ने किती बाइट दिले हे दर वेळी तपासावे. आम्ही तो आकडा छापला होता म्हणून तरी चूक लक्षात आली.

दुसरी अडचण लगेच पुढे उभी राहिली. नोंदीची लांबी छापली तर उत्तर आले उणे ११४. लांबी उणे कशी असेल? सीमध्ये बाइट ठेवण्यासाठी 'कॅरेक्टर' हा प्रकार वापरतात आणि आमच्या संगणकावर तो चिन्हासह धरला जात होता. अशा प्रकारात १२७ पर्यंतच्या संख्या जशाच्या तशा राहतात; त्यापुढच्या संख्यांमधून २५६ वजा होतात. खरी संख्या होती १४२. त्यातून २५६ गेले की उणे ११४ उरतात. प्रकारापूर्वी 'अनसाइन्ड' हा शब्द लिहिला की हा दोष जातो.

आता अनेक बाइटांची मिळून एक संख्या कशी होते ते पाहू. आपण ६२२ लिहिताना मोठे स्थान आधी लिहितो. या फाइलीत उलटे आहे, लहान स्थान आधी येते. नोंदींच्या संख्येचे चार बाइट होते ११०, २, ०, ०. पहिला जसाच्या तसा घ्यायचा, दुसऱ्याला २५६ ने गुणायचे, तिसऱ्याला ६५,५३६ ने, चौथ्याला १,६७,७७,२१६ ने. मग बेरीज करायची. ११० अधिक ५१२ म्हणजे ६२२. शीर्षकभागाच्या लांबीचे बाइट ६५ आणि १. म्हणजे ६५ अधिक २५६, एकूण ३२१. ही गुणाकार-बेरीज स्वतः लिहावी, असा आमचा आग्रह आहे. चार बाइट थेट पूर्णांकात ओतण्याची युक्ती शिकवली जाते खरी, पण ती यंत्रागणिक बदलू शकते.

पुढे जाण्यापूर्वी ताळा करणे भाग होते. ३२१ मधून शीर्षकाचे ३२ आणि शेवटच्या १३ या खुणेचा १ वजा केला तर २८८ उरतात. त्याला ३२ ने भागले की ९. म्हणजे नऊ रकाने. ६२२ नोंदी गुणिले १४२ म्हणजे ८८,३२४. त्यात ३२१ मिळवले आणि फाइलीच्या अखेरीस असलेला एक २६ मिळवला की ८८,६४६. फाइलीचा आकार बरोबर तेवढाच होता. त्या क्षणी झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. एखाद्या सनदेवरील दोन कालगणनांतील तारखा जुळल्या की संशोधकाला जसे वाटते, तसेच काहीसे.

मात्र आनंदाच्या भरात एक गोष्ट नजरेतून निसटत होती, ती सोबत बसलेल्या अभियंत्याने दाखवली. फाईल म्हणते ६२२ नोंदी. छापील यादीत ५६१ नावे. मग ६१ जण कोठे आहेत?

नऊ रकाने असे होते: नोंदवहीचा क्रमांक ५ बाइट, संपूर्ण नाव ४०, गाव २०, जन्मतारीख ८, धर्म व जात २०, आधीची शाळा ३०, प्रवेशाचा दिनांक ८, इयत्ता २, शाळा सोडल्याचा दिनांक ८. बेरीज १४१. नोंदीची लांबी मात्र १४२. हा एक जादा बाइट प्रत्येक नोंदीच्या अगदी आरंभी असतो. नोंद चालू असेल तर तेथे ३२, म्हणजे कोरी जागा. नोंद काढून टाकली असेल तर ४२, म्हणजे तारांकन.

डीबेसच्या पद्धतीत 'डिलीट' म्हणजे पुसणे नव्हे. त्या काळच्या संथ डिस्कवर मधली एक नोंद खरोखर काढायची तर पुढच्या सर्व नोंदी एकेक पाऊल मागे सरकवाव्या लागत. म्हणून प्रोग्राम फक्त पहिला बाइट बदलून तारा लावी आणि यादी दाखवताना तारांकित नोंदी वगळी. 'रिकॉल' ही आज्ञा दिली की तारा निघून नोंद परत येई. खरोखर पुसायचे तर 'पॅक' ही वेगळी आज्ञा द्यावी लागे, आणि ती आमच्या कार्यालयात कोणी कधी दिली नव्हती. तयार कन्व्हर्टरने तारा पाहून त्या ६१ नोंदी परस्पर वगळल्या होत्या. एकेका नोंदीत १४१ बाइटांची माहिती शाबूत होती. बदलला होता तो एकच बाइट.

आम्ही प्रोग्राम पुन्हा लिहिला. कोणतीही नोंद काढायची तर तिच्या क्रमांकातून एक वजा करून १४२ ने गुणायचे आणि ३२१ मिळवायचे. 'एफसीक'ने त्या जागी जायचे. येथे तिसरी ठेच लागली. सीमध्ये शब्द कोठे संपतो हे शून्य या बाइटावरून ओळखले जाते. डीबीएफच्या नोंदीत असे शून्य नसते, रकाना कोऱ्या जागांनी भरलेला असतो. त्यामुळे नाव छापायला सांगितले की नावामागून गाव, जन्मतारीख, जात, शाळा सगळे एका दमात ओघळत येई. यावर उपाय असा की, रकान्याचे तेवढेच बाइट वेगळ्या जागी उतरवून घ्यावेत आणि त्यांच्या शेवटी स्वतः शून्य ठेवावे.

२१८ वी नोंद फाइलीत ३१,१३५ व्या बाइटापासून सुरू होते. पहिला बाइट ४२. त्यानंतर क्रमांक, आणि मग आमच्या त्या विद्यार्थ्याचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव. शाळा सोडल्याच्या दिनांकाच्या आठही जागा कोऱ्या.

बाकीच्या साठ नोंदीही आम्ही रात्री उशिरापर्यंत वाचल्या. जे विद्यार्थी दाखला घेऊन गेले त्यांची नावे चालू यादीतच आहेत, सोडल्याच्या दिनांकासह. तारा लागला आहे तो बहुतेक दाखला न घेता गेलेल्यांना. सुटीनंतर परतले नाहीत, पटावर दिसत राहिले, शेवटी कोणीतरी काढून टाकले. त्यात लिपिकांना दोष देण्याचे कारण दिसत नाही. नियमाप्रमाणे गैरहजर मुलाचे नाव खारीज होतेच. पण कागदी नोंदवहीत लाल शाईची रेघ मारली तरी नाव वाचता येत असे. संगणकाने ती रेघही दिसू दिली नाही.

आता प्रश्न होता पुराव्याचा. आमच्या प्रोग्रामने छापलेला कागद समितीला द्यावा का? द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले. ज्या सी भाषेत ही फाईल वाचता आली, त्याच भाषेत तिच्यातील एखादा बाइट बदलणे चार ओळींचे काम आहे. म्हणूनच आम्ही मूळ फाईल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम केले. या नोंदीकडे आम्ही वाट दाखवणारा दुवा म्हणून पाहिले. तीत 'आधीची शाळा' हा रकाना होता. तो तीस बाइटांचा असल्याने नाव मध्येच तुटलेले. शिवाय रोमन लिपीत, जेथे 'ळ' आणि 'ल' एकच, 'ट' आणि 'त' एकच. गावाचे नाव तीन तऱ्हांनी वाचता येत होते. फोन करून तिन्ही नावे वाचून दाखवली, तेव्हा तो पहिल्या नावालाच म्हणाला, "सर, ती आमच्या मामाच्या गावची शाळा. पहिली ते चौथी मी तिथंच होतो. माझ्या ध्यानातच नव्हतं."

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कागदी नोंदवही सुस्थितीत होती. तेथून त्याला नोंदवहीचा साक्षांकित उतारा मिळाला. जन्मतारीख आमच्या फाइलीतील तारखेशी तंतोतंत जुळली. उतारा जोडून प्रस्ताव दाखल झाला. मार्च महिन्यात त्याचा फोन आला. मुलीचे वैधता प्रमाणपत्र हाती आले होते.

उरलेल्या साठ जणांची नावे या स्मरणिकेत छापावीत, अशी सूचना काही मित्रांनी केली. शाळा अर्धवट सोडल्याची गोष्ट कोणी चारचौघांत सांगावी अथवा सांगू नये, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. म्हणून आम्ही ती छापली नाहीत. सर्व ६२२ नोंदी एका जाड वहीत हाताने उतरवून कार्यालयात ठेवल्या आहेत, क्रमांकाप्रमाणे, तारा असलेल्या आणि नसलेल्या एकाच रांगेत. ज्यांनी १९९७ पूर्वी येथे प्रवेश घेतला आणि ज्यांच्या हाती दाखला नाही, त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी कामाच्या कोणत्याही दिवशी यावे. क्रमांक आठवत नसला तरी चालेल. गावाचे नाव सांगितले तरी शोधून देता येते.